ताईमहाराजांना कोणी विचारले होते का?

मागच्या दिवाळीला मुले पुसदला आली होती. जेवणे झाल्यावर मी मृत्युपत्राचा विषय काढला. थोरला म्हणाला, "बाबा, सणासुदीला हे काय अभद्र?" मुलगी भांडी आवरायला उठली. विषय तिथेच संपला.

३२ वर्षे इतिहास शिकवलेला माणूस मी. दुसऱ्या दिवशी वेगळी वाट धरली आणि त्यांना ताईमहाराज प्रकरण सांगितले. टिळकांच्या चरित्रात ते येते, पण वर्गात आम्ही एका वाक्यात उरकत असू.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी कॉलऱ्याने वारले. अगदी शेवटच्या घटकेला त्यांनी मृत्युपत्र केले. स्नेही टिळक नुकतेच राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटले होते; तरी ही जबाबदारी त्यांनी घेतली. दुसरे ट्रस्टी आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. (वऱ्हाडी माणूस कुठे नसतो!) मागे तरुण पत्नी ताईमहाराज, त्याही गरोदर. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर ट्रस्टींच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, असे कागदात होते.

मुलगा झाला, पण लवकरच गेला. १९०१ मध्ये ट्रस्टी ताईमहाराजांना घेऊन औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) गेले. तिथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढे ताईमहाराजांनी तो दत्तक नाकारला आणि कोल्हापूरचा बाळामहाराज दत्तक घेतला. झाले, कोर्ट सुरू! टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप आला. १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा, अपिलात सहा महिने, आणि १९०४ मध्ये हायकोर्टातून निर्दोष सुटका. दत्तकाचा दावा मात्र चालूच. खालच्या कोर्टाने जगन्नाथाचा दत्तक मानला, १९१० मध्ये हायकोर्टाने फिरवला, आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा मानला. एका कागदापायी १८ वर्षे! ताईमहाराज तर निकालाच्या कितीतरी आधीच वारल्या होत्या.

मी टिळकांच्या चिकाटीवर बोलणार, इतक्यात मुलीने विचारले, "पण बाबा, कागद लिहिताना ताईमहाराजांना कोणी विचारलं होतं का?"

मी गप्प झालो. मला अक्का आठवली.

आमचे वडील १९८४ साली गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्शात लेकीलाही वाटा होता. मी मास्तर, मला ते ठाऊक होते. तरी आम्ही भावांनी अक्कापुढे कागद ठेवला आणि म्हटले, "इथे सही कर." तिने केली. साडीचोळी घेऊन सासरी गेली. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने तो भेद काढला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याचीही गरज नाही. प्रत्येक बातमी मी वाचली, आणि अक्काशी अवाक्षर बोललो नाही. ती कधी मागायची नाही, म्हणून मला बोलावे लागले नाही. दर भाऊबीजेला ओवाळणी घालताना मात्र हात जरा अडखळायचा.

असो. त्या दिवशी हे सगळे मुलांना सांगून टाकले. मग बोलणे आपोआप सुरू झाले. थोरल्याला शेत विकून टाकावे असे वाटते, धाकट्याला ठेवावे असे. मुलगी म्हणाली, "मला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण सही मागायच्या आधी सांगा." एवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "आणि हे घर कोणाच्या नावावर राहणार, ते मला कोण विचारणार?" मी ते खरोखरच विचारले नव्हते.

अजून काहीच लिहिलेले नाही. अक्काला फोन केला, "दोन दिवस ये, जुने कागद काढायचे आहेत." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येते. सातबाराचा उताराही काढून ठेव."