वकट, लेंड, मूंड, नाल

उन्हाळ्याच्या सुट्टीत पंचवटीतल्या पटांगणात विटीदांडूचा डाव रंगायचा. विटी कोलली, टोला बसला, की दांडूने अंतर मोजायचं: वकट, लेंड, मूंड, नाल! मोजणी ज्या शब्दावर थांबे, त्यावर पुढच्या टोल्याची तऱ्हा ठरे. हे शब्द आले कुठून, हे विचारायला सवड कुणाला होती?

पुढे हैदराबादेत एका भाजीवालीने लिंबं मोजली, ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’, आणि माझे कान टवकारले. हे तर आमचेच आकडे! ‘ओकटि’चं वकट झालं, ‘रेंडु’तल्या ‘र’चा ‘ल’ होऊन लेंड, ‘मूडु’ला अनुस्वार चिकटून मूंड, ‘नालुगु’ची शेपटी गळून नाल. कानडीतही तीन-चारला मूरु-नाल्कु म्हणतात. पण एकला तिथे ‘ओंदु’. त्यामुळे वकटाचं माहेर तेलुगूच.

आमची गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहत, राजमहेंद्रीवरून पुढे समुद्राला मिळते. पाणी इकडून तिकडे गेलं. आकडे मात्र उलट्या दिशेने आले. बाजारात एक-दोन मोजणाऱ्या मराठीने खेळात वकट-लेंड जपलं, तेही पोरांच्या तोंडी.