साथ आणि सहकर्तृत्व

टोनी बेनेट आणि बिल एव्हान्स यांच्या १९७५ सालच्या जाझ ध्वनिमुद्रिकेत एक गायक आहे आणि एक पियानो. तिसरे वाद्य नाही. गायकाचा स्वर तोच राहतो, पण त्याखालचा पियानोचा कॉर्ड बदलला की त्या स्वराचा अर्थ पालटतो. शीर्षकात दोघांची नावे जोडीने येतात, ती या सहकर्तृत्वाला साजेशीच आहेत.

मराठी मुलखात गळा आणि पेटी यांचे नाते निराळे घडले. ख्यालगायनात कॉर्डला स्थान नाही. पेटीवादक गायकाच्या मागोमाग जातो. पट्ट्यांच्या ठरीव स्वरांतून मींड निघत नाही, हा पेटीवरचा जुना आक्षेप. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. साथ म्हणजे वगळता येणारी सोय, हे गृहीत त्यातून उघड झाले.

गोविंदराव टेंबे यांचे कार्य हे गृहीत मोडते. भास्करबुवा बखले यांची साथ करणाऱ्या या पेटीवादकाने १९११ साली खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ला चाली दिल्या आणि ठुमरी-दादऱ्याचे वळण मराठी पदात आणले. अनुगमन हे सर्वांत सावध श्रवण असते. येथे ते रचनेत परिणत झाले. पदातील शब्दांचे वजन, विराम आणि पुनरुक्ती चालीनेच निश्चित होतात. तरीही वाङ्मयेतिहासात पदाचा कर्ता म्हणून बहुधा नाटककारच उरतो. नाट्यपदाची संहिता द्विकर्तृक मानली, तरच तिची समीक्षा छापील शब्दांपलीकडे जाऊ शकेल.