घाट, डिस्क आणि 'बेंड' नावाची अफवा

जुन्नरच्या पठारावरून कोकणात माल उतरवणं हा दोन हजार वर्षांचा धंदा आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे आणि घाटमाथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात म्हणे जकात पडायची. तेव्हा ब्रेकचा प्रश्न नव्हता, ओझ्याचं जनावर स्वतःच पाय रोवतं. आज माल थोडा उत्तरेला, माळशेजमधून उतरतो. ओतूरचा कांदा पिकअपमध्ये भरायचा आणि मुरबाड-कल्याणमार्गे वाशी. गंमत बघा, गाडी भरलेली असते ती नेमकी उतरताना. चढताना बहुतेक रिकामी!

जरा हिशोब करू. मालासकट ३ टनांची गाडी ५०० मीटर खाली आली, तर साधारण ४ युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे २ किलोवॉटचा गीझर दोन तास. लोअर गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये 'डिझेल वाचवत' उतरलं, तर जवळपास सगळी ब्रेकच्या नशिबी.

तर झालं असं, की ओतूरच्या आमच्या मामांच्या जुन्या पिकअपचं स्टिअरिंग साठच्या स्पीडला ब्रेक दाबला की थरथरायचं. निदान ठरलेलं: "डिस्क बेंड झालीय." लेथवर दोनदा टर्निंग झालं. दोन्ही वेळा दोनेक महिन्यांत थरथर परत. आमच्याकडे याला म्हणतात बग फिक्स न करता सर्व्हर रीस्टार्ट करणे :)

हे 'बेंड' आलं कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस घोडागाड्यांचे लाकडी ब्रेक उतारावर जळताना बघायचा. त्याने घर्षणासाठी वेगळं अस्तर बनवायला घेतलं आणि १८९७ मध्ये फेरोडो कंपनी काढली. म्हणजे ब्रेक लायनरचा धंदाही घाटातच जन्मला. पुढे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आलं, आणि ते फुप्फुसांना घातक असल्याचं कळल्यावर बऱ्याच देशांनी ते हद्दपार केलं. १९०२ मध्ये इंग्लंडात लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण पुढची पन्नास वर्षं राज्य केलं ड्रमने. डिस्कचे दिवस फिरले ते १९५३ मध्ये, जेव्हा डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये त्या रस्त्यावरच्या गाडीत आल्या.

आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलीज जीप जुळवायला घेतली, तिला चारही चाकांना ड्रम. ड्रम तापून खरंच ओव्हल होतो, पेडल पायाखाली उसळतं आणि टर्निंग करून फरकही पडतो. माझा तर्क असा, की हेच निदान पुढच्या पिढीत डिस्कला जसंच्या तसं चिकटलं. पार्ट बदलला, निदान तेच राहिलं.

रेसिंगमधला अमेरिकन इंजिनियर कॅरोल स्मिथ याने ठासून लिहून ठेवलंय, की 'वाकलेली' म्हणून आलेली डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. तिच्यावर पॅडचं मटेरियल असमान चिकटलेलं असतं. घाट उतरून डिस्क तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून ठेवलं, की पॅडचा छापच उठतो. त्या जागी डिस्क आणखी तापते, ओतीव लोखंडाची रचना बदलून कडक डाग तयार होतात, आणि हे डाग खोल गेले असतील तर टर्निंगनंतरही उरतात. जाडीत दोन-तीन शतांश मिलीमीटरचा फरक पडला तरी हाताला थरथर कळते.

दुसरा गुन्हेगार गंज. माळशेजचा पावसाळा काय असतो ते सांगायला नको. हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाची खपली राहिली, की डिस्क किंचित तिरकी बसते आणि फिरताना डुलते. याला म्हणतात रनआउट (क्रिकेटवाला नव्हे). आधी काहीच जाणवत नाही, पण प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅड घासून काही हजार किलोमीटरनंतर डिस्क तिथे पातळ होते. मामांची थरथर परत का यायची ते इथे कळलं.

आम्ही आधी मागची चाकं तपासली. रिकाम्या रस्त्यावर, चाळीसच्या स्पीडला, बटण दाबून धरत हँडब्रेक हळूहळू ओढला. काहीच नाही, म्हणजे मागचे ड्रम निर्दोष. (ही टेस्ट जुन्या विलीजवर करू नका, तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसवर असतो.) मग पुढचं चाक काढलं, बेअरिंगचा प्ले बघितला आणि डिस्क उतरवली. हबवर तपकिरी पापुद्रे! वायर ब्रशने चकचकीत करून डायल गेज लावला, तेव्हा काटा स्थिर झाला. "अरे, म्हणजे दोनदा पैसे दिले ते लेथच्या वीजबिलाला," मामा म्हणाले. दोन टर्निंगमध्ये डिस्क किमान जाडीच्या खाली गेल्या होत्या, त्यामुळे डिस्क आणि पॅड नवीनच घेतले. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळले. मग मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता. याने नव्या पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

मामा आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतात. मोरोशीला चहाला थांबले तर पेडलवर पाय ठेवून बसत नाहीत, चाकाखाली दगड लावतात.