यंत्राने तपासलेली पाटी

१९९८ साली आम्ही क्लेमेंटीत, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मुलगी प्रायमरी फोरमध्ये होती. घरात संगणक होता, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत होते, आणि नव्याने शिकलेली जावास्क्रिप्ट कुठेतरी वापरून पाहण्यासाठी माझे हात शिवशिवत होते. तेव्हा मी अपूर्णांकांच्या बेरजांचे एक पान तयार केले. उदाहरण दिसे, चौकटीत उत्तर लिहायचे, बटण दाबले की हिरव्या अक्षरांत ‘बरोबर’ किंवा लाल अक्षरांत ‘चूक’. असेसमेंट बुकाच्या मागच्या पानावर उत्तरे शोधत बसण्याचा त्रास वाचला, म्हणून मी मित्रमंडळींत थोडा मिरवलोही.

एक चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश. मुलीने २/४ लिहिले. चूक. मग ०.५ लिहिले. चूक. माझ्या प्रोग्रॅमने ‘१/२’ ही तीन चिन्हे साठवून ठेवली होती आणि चिन्हाला चिन्ह जुळते का, एवढेच तो पाहत होता. हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला, कारण मुलीने तक्रार केलीच नाही. संगणक चुकतो हे तिच्या मनातही आले नाही. आपल्यालाच येत नाही, असे तिने धरून टाकले. वहीत काही न मांडता ती एकामागून एक आकडे टाकू लागली. हिरवे दिसले की पुढे. पत्नीने एका संध्याकाळी विचारले, “हिचं गणित अचानक बिघडलं कसं?” तेव्हा कुठे मी शेजारी बसून पाहिले.

पान मी त्याच रात्री काढून टाकले. मुलगी पुन्हा न घाबरता वहीत मांडू लागली तोवर मात्र ते वर्ष सरले. त्या रुखरुखीपायी मी या विषयाचा इतिहास वाचायला लागलो. तो वाटला होता त्याहून बराच जुना निघाला.

ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकातच चार कळांचे परीक्षायंत्र दाखवले होते. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नसे. बक्षीस म्हणून गोळी बाहेर टाकण्याची सोयही त्याला जोडता येई! पण या खटाटोपाला जोर आला तो एका बापामुळे. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले. मुले उदाहरणे सोडवत होती, पण आपले बरोबर आले की नाही हे त्यांना तिथल्या तिथे कळत नव्हते, आणि हुशार काय, मागे पडलेला काय, सगळ्यांना एकाच चालीने चालावे लागत होते. स्किनरनी घरी येऊन गणिताचे यंत्र बनवायला घेतले आणि १९५४ मध्ये पिट्सबर्गला त्याचे प्रात्यक्षिक दिले.

मला स्किनरचे निदान अर्धेच पटते. उत्तर लगेच कळावे हे खरे. पण काय कळावे? माझ्या पानानेही निकाल लगेचच दिला होता.

पुढे १९६५ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या पॅट्रिक सप्पीस यांनी शाळेत टेलिटाइप बसवून तो टेलिफोनच्या तारेने विद्यापीठातल्या संगणकाला जोडला आणि चौथीच्या मुलांना रोजची उदाहरणे घातली. ‘ऑनलाइन सराव’ म्हणतात तो हाच. फक्त पडद्याऐवजी कागदावर टकटकणारा. सराव उत्तम होई. तरी मूल का चुकले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो प्रश्न धसाला लावला जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी. त्यांच्या प्रोग्रॅमचे नाव ‘बग्गी’, आणि त्यावरचा लेख १९७८ चा. समजा, मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिले. आपण म्हणू, लक्ष नव्हते. पण पाहा: दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले, पाचातून दोन गेले तीन. तो दर वेळी लहान अंक मोठ्यातून वजा करतो आहे, आणि अगदी नियमाने. हातचा घेण्याऐवजी त्याने स्वतःचा एक नियम बसवला आहे. बग्गी अशा चुकीच्या नियमांची यादी बाळगून होता आणि उत्तरांवरून कोणता नियम चालू आहे हे ओळखू पाही. निकाराग्वातल्या तेराशेहून अधिक मुलांच्या वजाबाकीवर ही तपासणी केली गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात खरी उडी ही एकच. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती; पाटी हातात घेऊन ती “हे कसं केलंस?” असे विचारी. यंत्राला तो प्रश्न सुचायला पन्नास वर्षे लागली.

आता आपल्या सिंगापूरकडे येऊ. इथल्या शिक्षणखात्याने एप्रिल १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाचा पहिला आराखडा जाहीर केला. खर्च सुमारे दोन अब्ज डॉलर. २००२ पर्यंत अभ्यासक्रमाचा ३० टक्के वेळ संगणकाच्या साहाय्याने जावा, हे उद्दिष्ट. गंमत अशी की १९९५ च्या ‘टिम्स’ चाचणीत इथली मुले गणितात जगात पहिली आली होती, ती संगणकामुळे नव्हे. डॉ. खो टेक हाँग यांच्या गटाने १९८० च्या दशकात रुजवलेली पट्ट्यांची आकृती, म्हणजे मॉडेल मेथड, त्यांच्या वहीत होती. पीएसएलईच्या मोठ्या उदाहरणांत मांडणीला गुण मिळतात ते याचसाठी. शेवटचा आकडा मागणाऱ्या चौकटीला ती पट्टी दिसतच नाही.

माझ्या २/४ ला न्याय मिळाला तो २००४ मध्ये. बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी ‘स्टॅक’ नावाची प्रणाली सुरू केली. तिच्या पोटात ‘मॅक्सिमा’ हा बीजगणित करणारा प्रोग्रॅम आहे. त्यामुळे किंमत बरोबर आहे का आणि रूप हवे तसे आहे का, हे दोन प्रश्न वेगळे विचारता येतात. किंमत बरोबर आहे, आता अतिसंक्षिप्त रूप दे, एवढे वाक्य माझ्या पानाला लिहिता आले असते तर! मात्र कोणत्या चुकीला काय म्हणायचे, हे तिथेही आधी शिक्षकालाच बसून ठरवावे लागते.

८ एप्रिल २०२० पासून करोनामुळे इथल्या शाळा घरी भरू लागल्या. २०१८ मध्ये देशभर आलेले ‘स्टुडंट लर्निंग स्पेस’ एकाएकी प्रत्येक घराच्या जेवणाच्या टेबलावर आले. नातू तेव्हा पहिलीत. रविवारचा मराठी वर्गही बंद, म्हणून बावीस वर्षांनी मी पुन्हा एक पान केले: मराठी अंक ऐकायचा आणि आकड्यांत लिहायचा.

‘पंचवीस’ ऐकून त्याने ५२ लिहिले. कान पाच आधी ऐकतात, हात पाच आधी लिहितो. वजाबाकीच्या कोणत्याही यादीत ही चूक सापडायची नाही. ती आपल्या भाषेतून येते. जोडाक्षरे आणि हा उलटा क्रम यांनी मुले गोंधळतात, असे म्हणत मंगला नारळीकर यांच्या समितीने २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ची वाट सुचवली होती. त्यावर केवढे वादळ उठले, ते आपल्याला आठवत असेल. मी स्वतः पंचवीसच्या बाजूचा. पण बाजू घेतली की नातवाला समजावण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. म्हणून मी पानात एक ओळ घातली. अंक उलटे आले तर लाल अक्षरे नाहीत. “दोन्ही अंक बरोबर ऐकलेस, घरं बदलून बघ” एवढेच. तो हसला आणि २५ केले. त्रेचाळीस, छप्पन्न, अडुसष्ट, सगळे सुरळीत चालले.

मग ‘एकोणतीस’ आले. त्याने ३१ लिहिले. अंक उलटे नव्हते, माझी ओळ तिथे लागू पडेना, आणि पान पूर्वीसारखेच नुसते ‘चूक’ म्हणाले. “कसं केलंस?” असे मी विचारले, तर तो म्हणाला, “एक आणि तीस.” त्या रात्री जेवण झाल्यावर मी दुसरी ओळ लिहायला बसलो.