सामायिक वायफायवरील टीव्ही-जोडणी

लॅपटॉपवरील चित्र व आवाज टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग उपकरणावर बिनतारी पाठवण्याची क्रिया. रूढ नाव ‘कास्ट करणे’. अशा उपकरणांपैकी गूगलचे क्रोमकास्ट २०१३ मध्ये अमेरिकेत व डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आले. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली.

कार्यपद्धती : लॅपटॉप २२४.०.०.२५१ या समूहपत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, जाळ्यातील सर्वांना हाक देतो. क्रोमकास्ट ओ देते व ८००९ पोर्टवर दोघांची थेट जोडणी होते. यूट्यूबसारख्या सेवेचा व्हिडिओ त्यानंतर उपकरण इंटरनेटवरून स्वतःच घेते. ब्राउझरचा टॅब दाखवायचा असल्यास चित्र लॅपटॉपच पुरवतो.

अडथळे : घरच्या वायफायवर विनासायास होणारी ही जोडणी वसतिगृहात वा लॉजवर अडते. कारण तिथले सामायिक वायफाय ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. या ‘क्लायंट आयसोलेशन’मुळे इंटरनेट मिळते, पण शेजारच्या उपकरणापर्यंत हाक पोचत नाही. दुसरा अडथळा लॉगिन पानाचा. भारतातील सार्वजनिक वायफायवर मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा लागतो; जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात सुरू झालेली रेलटेल-गूगलची सेवा याच पद्धतीची होती. ब्राउझर नसलेल्या जुन्या क्रोमकास्टला असे पान उघडता येत नाही.

उपाय : (१) एचडीएमआय केबल, जाळ्याची गरजच उरत नाही. (२) मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप व उपकरण दोन्ही त्यावर घेणे. यात मोबाइलचा डेटा खर्च होतो. (३) लॅपटॉपवर लॉगिन करून विंडोजच्या ‘मोबाइल हॉटस्पॉट’ने तेच इंटरनेट उपकरणाला देणे. (४) छोटा ट्रॅव्हल राउटर. एकदा लॉगिन केले की त्यामागची सर्व उपकरणे चालतात. (५) मिराकास्ट, वायफाय डायरेक्टमुळे लॅपटॉप व टीव्ही परस्पर जोडले जातात. मात्र क्रोमकास्टवर ते चालत नाही.

हॉटस्पॉट वा राउटर लावण्यास काही संस्थांत मनाई असते. म्हणून व्यवस्थापनाला आधी विचारावे. आयसोलेशन बंद करण्याचा आग्रह मात्र धरू नये. ते उठले, तर शेजारच्या खोलीतील लॅपटॉपलाही आपला टीव्ही दिसू लागतो.