दारू आणि गुन्हा: नशेतल्या कृत्याकडे कायदा कसा पाहतो आणि किंमत कोण मोजते?

दारू प्यायलेला प्रत्येक माणूस गुन्हा करत नाही आणि प्रत्येक गुन्ह्यामागे दारू असते असेही नाही. तरीही मारहाण, घरगुती हिंसा, रस्ते अपघात आणि विषारी दारूचे बळी या चारही ठिकाणी दारूचा संबंध पुन्हा पुन्हा समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यपानाशी संबंधित होते. यात यकृताच्या आजारांबरोबरच अपघात आणि हिंसाचारातले मृत्यूही मोजलेले आहेत.

भारतात दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी साडेपाच कोटींहून अधिक लोकांचे पिणे उपचार किंवा मदत लागावी इतके वाढलेले आहे.

नशेत नेमके काय होते?

दारूतील इथेनॉल रक्तावाटे काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. परिणामांचा विचार करणारा, रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग त्यामुळे मंदावतो. माणसाला समोरचा अपमान किंवा चिथावणी दिसते, पण 'पुढे काय होईल' हे दिसत नाही. एरवी शिवीगाळीवर थांबणारे भांडण मग हातघाईवर येते. पिणारा स्वतःही सहज बळी ठरू शकतो, कारण त्याला धोका उशिरा कळतो आणि प्रतिकार करता येत नाही.

दारू गुन्हा 'घडवते' असे सरसकट म्हणता येत नाही. आधीपासून असलेला संशय, मालकी हक्काची भावना, पैशाचे वाद यांना ती वाट मोकळी करून देते. बाहेर मालकासमोर किंवा पोलिसांसमोर गप्प राहणारा माणूस घरी आल्यावर बायकोवरच हात उगारतो, तेव्हा 'दारूने केले' हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

'मी शुद्धीत नव्हतो' हा बचाव चालतो का?

बहुतेक वेळा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २३ आणि २४ या विषयावर आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम ८५ आणि ८६ मध्ये होती.

कुणी फसवून किंवा जबरदस्तीने नशा दिली आणि त्यामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच उरली नाही, तर कलम २३ चे संरक्षण मिळू शकते. मात्र स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती, असे कायदा धरून चालतो.

सर्वोच्च न्यायालयाचा १९५६ चा 'बसदेव विरुद्ध पेप्सू राज्य' हा निकाल यासाठी आजही आधाराला घेतला जातो. एका लग्नघरी बसायच्या जागेवरून वाद झाला आणि प्यायलेल्या निवृत्त लष्करी जमादाराने एका किशोरवयीन मुलावर गोळी झाडली. मुलगा मरण पावला. नशेमुळे खुनाचा हेतूच नव्हता, असा बचाव केला गेला. न्यायालयाने घटनेआधीचे आणि नंतरचे वागणे पाहिले. आरोपी चालू-बोलू शकत होता, त्याने पळायचा प्रयत्न केला आणि पकडल्यावर माफीही मागितली. खुनाची शिक्षा कायम राहिली.

सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन करणे हा वेगळा, किरकोळ गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३५५ नुसार त्यासाठी २४ तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते.

दारू पिऊन गाडी चालवणे

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

या गुन्ह्यात वेळ फार महत्त्वाची असते. यकृत अल्कोहोलचे विघटन ठरावीक गतीने करत राहते. रक्तातले प्रमाण तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरते. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. उलट, अपघातानंतर रक्ताचा नमुना चार-पाच तास उशिरा घेतला, तर मूळ प्रमाण बरेच जास्त असूनही अहवालात कमी दिसू शकते. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला, त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि या चाचणीचे महत्त्व सर्वांसमोर आले.

घरातली हिंसा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एक फरक ठळकपणे दिसतो. ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. पती दारू पीत नाही अशा स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. दारू नसलेल्या घरातही हिंसा असते, पण पती वारंवार नशेत असतो अशा घरात तिचे प्रमाण सुमारे तिप्पट असते, असा याचा अर्थ.

मारहाण दिसते, मजुरी गुत्त्यावर संपणे, मंगळसूत्र किंवा भांडी गहाण पडणे, मुलांची फी थकणे हे पोलीस ठाण्याच्या नोंदीत येत नाही. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच मानली आहे. घरखर्चाला पैसे न देणे किंवा स्त्रीधन विकणे याविरुद्ध स्त्री संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागू शकते. गरज पडल्यास पतीने राहत्या घरातून बाहेर पडावे, असा आदेशही न्यायालय देऊ शकते. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

विषारी दारू: स्वस्त नशेची किंमत

हातभट्टीची दारू साधारणपणे गूळ आणि नवसागर घालून सडवलेल्या रसायनापासून गाळतात. जीवघेणा प्रकार घडतो तो मुख्यतः तिच्यात किंवा तिच्या नावाखाली औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यावर. मिथेनॉल स्वस्त असते आणि त्याचा वास-चव वेगळी ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलही कायमचे अंधत्व आणू शकते. लक्षणे बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी दिसतात. तोवर त्याच गुत्त्यावर आणखी कित्येकांनी ती दारू घेतलेली असते. धूसर दिसणे, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे असे काही जाणवल्यास झोपून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे; वेळेत औषध आणि डायलिसिस मिळाल्यास जीव वाचू शकतो.

मुंबईत १९९१ च्या अखेरीस विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशा दुर्घटना झाल्या. मालवणीत शंभराहून अधिक लोक दगावले. मृतांत बहुतांश रोजंदारीवर जगणारे होते.

दारूबंदीने गुन्हे कमी होतात का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. पुढे बंदी शिथिल झाली, पण तोच कायदा आज महाराष्ट्रात परवाना पद्धतीचा आधार आहे. म्हणूनच राज्यात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. अवैध विक्री वाढली, त्यात स्त्रिया आणि मुले ओढली गेली, हे कारण सरकारने दिले. बंदीच्या समर्थकांचे म्हणणे होते की दोष बंदीत नसून ढिल्या अंमलबजावणीत आहे. गुजरात आणि बिहार ही दारूबंदी असलेली राज्ये. तिथेही २०२२ मध्ये बोटाद आणि सारण जिल्ह्यांत विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. थोडक्यात, दुकान बंद झाल्याने सहज मिळणारी दारू कमी होते, पण चोरटा धंदा रोखला नाही तर गुन्ह्याचे फक्त स्वरूप बदलते.

महाराष्ट्रात संपूर्ण बंदीखेरीज एक स्थानिक मार्गही आहे. गावातील २५ टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. अट कडक आहे: आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. गैरहजर राहिलेले प्रत्येक मत त्यामुळे दुकानाच्याच पथ्यावर पडते.

सुटकेचा मार्ग

दारूचे व्यसन हा उपचार करता येण्याजोगा आजार आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबणे धोक्याचे ठरू शकते. हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे त्रास होतात. त्यामुळे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले 'मुक्तांगण' हे राज्यातील परिचित व्यसनमुक्ती केंद्र आहे. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या सभा अनेक शहरांत विनाशुल्क होतात. केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती मदत क्रमांक १४४४६ आहे.

उपचार घेतल्याने आधी केलेला गुन्हा माफ होत नाही, आणि हिंसा सोसणाऱ्या स्त्रीने पती बरा होईपर्यंत थांबावे अशी कोणतीही अट कायद्यात नाही. उपचार आणि तक्रार हे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात.