डोळ्यात राहिलेले कुसळ
(कृत्रिम नेत्रभिंगाची जन्मकथा)

मैदानावर खेळताना एखाद्या मुलाच्या डोळ्यात धुळीचा कण जातो. डोळा लाल होतो, पाणी वाहू लागते, मुलगा डोळा चोळत आपल्याकडे येतो. कण निघेपर्यंत त्याला चैन पडत नाही. परकी वस्तू डोळ्याला खपत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. ‘डोळ्यात सलणे’ हा वाक्प्रचार काही उगाच आलेला नाही.

आज मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहेर तयार केलेले एक भिंग डोळ्याच्या आत बसवतात आणि ते तिथे जन्मभर राहते. ते सलत नाही, डोळा लाल होत नाही. आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या कुणा वडीलधाऱ्या माणसाच्या डोळ्यात असे भिंग असणारच. डोळ्याला न सलणारी परकी वस्तू सापडली कशी? ही गोष्ट विमानाच्या छतापासून सुरू होते आणि तिच्यात एका विद्यार्थ्याच्या प्रश्नालाही जागा आहे.

भिंग गेले, चष्मा आला

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वय वाढले की बहुतेकांचे हे भिंग हळूहळू गढूळ होते. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. त्यावरचा फार जुना उपाय सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. शलाका डोळ्यात घालून गढूळ झालेले भिंग बाहुलीसमोरून बाजूला सारायचे. प्रकाशाची वाट मोकळी होई आणि रुग्णाला थोडेफार दिसू लागे. भिंग बाजूला न सारता डोळ्यातून बाहेर काढण्याची रीत १७४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी रूढ केली.

पण दोन्ही उपायांनी अडचण एकच उरते. गढूळ झाले तरी ते भिंग होते. पडद्यावर प्रतिमा नेमकी उमटवण्यातला सुमारे २० डायॉप्टरचा वाटा त्याचा होता. ते गेले की समोरचे सगळे धूसर दिसते. ही उणीव भरून काढण्यासाठी रुग्णाला सुमारे १० डायॉप्टरचा जाड बहिर्वक्र चष्मा द्यावा लागे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा तो चष्मा आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांच्या नाकावर पाहिला असेल. त्यातून वस्तू सुमारे सव्वापट मोठ्या आणि जवळ दिसत. पेला धरायला गेलेला हात अलीकडेच थांबे, जिन्याची पायरी चुके. बाजूचे फारसे दिसत नसे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन डोळ्यांच्या प्रतिमांचा आकार जुळत नसे आणि एक वस्तू दोन दिसे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा!

वैमानिकांच्या डोळ्यातील तुकडे

१९३०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी एक नवा पदार्थ तयार केला होता. त्याचे नाव पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. तो काचेसारखा पारदर्शक होता. वजनाला मात्र काचेच्या निम्मा भरे, आणि फुटायलाही काचेपेक्षा अवघड. मिथिल मेथाक्रिलेटचे हजारो रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडून हे बहुवारिक बनते. ब्रिटनमध्ये ‘पर्स्पेक्स’ या व्यापारी नावाने ते विकले जाई. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छतासाठी याहून चांगला पदार्थ कुठला असणार?

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात घनघोर हवाई युद्ध पेटले. त्या ऑगस्टमध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचे छत गोळ्यांनी फुटले. पर्स्पेक्सच्या चिरफळ्या त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. तशाच अवस्थेत त्याने हवाई छत्रीने उडी घेतली आणि त्याचा जीव वाचला. एक डोळा मात्र कायमचा गेला. दुसऱ्या डोळ्यात काही तुकडे तसेच राहिले. पुढे त्याच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून अठरा शस्त्रक्रिया झाल्या. (अनेक ठिकाणी हे विमान स्पिटफायर असल्याचे लिहिलेले आढळते, पण क्लीव्हरचे विमान हरिकेन होते.)

अशा जखमी वैमानिकांना तपासणाऱ्यांत हॅरॉल्ड रिडले हे लंडनचे नेत्रशल्यविशारद होते. त्यांचा जन्म १९०६ चा, आणि वडीलही नेत्रतज्ज्ञच. डोळ्यात घुसलेला धातूचा कण किती घात करतो, हे त्या काळच्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला माहीत होते. लोखंडाचा कण आत गंजत जातो आणि दृष्टिपटलाचा नाश करतो. तांब्यामुळे तीव्र दाह होतो. पर्स्पेक्सचे तुकडे असे वागत नव्हते. एखादी धारदार कड हलत्या भागाला घासत नसेल, तर ते तुकडे वर्षानुवर्षे डोळ्यात निमूट पडून राहत. डोळ्याने त्यांना जणू नांदू दिले होते.

हे तुकडे पुष्कळ डॉक्टरांनी पाहिले असतील. रिडले यांनी ‘हे तुकडे काढायचे कसे?’ एवढ्यावर न थांबता ‘डोळा यांच्यावर रागावत का नाही?’ हा प्रश्न मनात जपून ठेवला.

विद्यार्थ्याचा प्रश्न

युद्ध संपले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडले एकदा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत होते. स्टीव्ह पॅरी नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी ती पाहत होता. अशी शस्त्रक्रिया तो पहिल्यांदाच पाहत होता. गढूळ भिंग बाहेर आले आणि रिडले डोळा बंद करण्याच्या तयारीला लागले. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे भिंग बसवत नाहीत याचे त्या विद्यार्थ्याला नवल वाटले आणि त्याने ते बोलून दाखवले.

त्या क्षेत्रात मुरलेल्या कुणालाही हा प्रश्न भाबडा वाटला असता. रिडले यांच्या मनात ती कल्पना आधीपासून घोळत होती, पण त्या बोलण्याने त्यांना कृतीकडे ढकलले. वर्गात अशा प्रश्नाला ‘तसे नसते रे बाळा’ म्हणून गप्प करणे किती सोपे असते!

पदार्थाची निवड

रेनर या प्रकाशीय उपकरणांच्या कंपनीतील जॉन पाइक यांच्याशी रिडले यांनी गुपचूप चर्चा सुरू केली. पहिली बोलणी लंडनच्या कॅव्हेंडिश चौकात उभ्या केलेल्या मोटारीत झाली, कारण बातमी फुटायला नको होती. काच जड पडली असती, म्हणून पर्स्पेक्सच घ्यायचे ठरले. पण बाजारातले पर्स्पेक्स चालण्यासारखे नव्हते. बहुवारिक बनताना साखळीत न गुंतलेले एकवारिकाचे रेणू मागे राहतात. अभिक्रिया सुरू करून देणाऱ्या रसायनाचे अवशेषही राहतात. हे अवशेष हळूहळू पाझरले, तर डोळ्याचा दाह व्हायचा. म्हणून पर्स्पेक्स बनवणाऱ्या आय.सी.आय. कंपनीतील जॉन होल्ट यांनी खास शुद्ध, पूर्ण बहुवारिकीकरण झालेले पर्स्पेक्स तयार करून दिले.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘पर्स्पेक्स डोळ्याला चालते’ हे विधान अर्धेच खरे आहे. कार्बनच्या बळकट साखळ्या असलेले आणि पाण्याने न तुटणारे पर्स्पेक्स चालते, पण ते अवशेषांपासून मुक्त असले तरच. पदार्थाचे नाव तेच राहिले तरी बनवण्याची रीत बदलली की शरीराचा प्रतिसाद बदलतो.

एक चूक आणि तिचे गणित

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षे वयाच्या एका बाईंच्या डोळ्यावर या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा पार पडला. ८ फेब्रुवारी १९५० रोजी भिंग कायमचे बसवण्यात आले. डोळ्याने ते स्वीकारले. बाईंना दिसू लागले, पण डोळ्याला १८ डायॉप्टरहून अधिक निकटदृष्टिदोष आला होता!

असे का झाले? उत्तर आपल्या दहावीच्या प्रकाशाच्या धड्यात आहे. रिडले यांच्या भिंगाचा आकार नैसर्गिक भिंगावरून बेतलेला होता. आकार तोच असेल, तर भिंगाची शक्ती भिंग आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर ठरते. डोळ्यातील द्रवाचा अपवर्तनांक १.३३६, नैसर्गिक भिंगाचा सरासरी सुमारे १.४२ आणि पर्स्पेक्सचा १.४९. पहिला फरक ०.०८ च्या आसपास, दुसरा ०.१५ हून अधिक, म्हणजे जवळजवळ दुप्पट. २० डायॉप्टरच्या जागी चाळिशीच्या जवळपासची शक्ती डोळ्यात बसली होती. पुढच्या भिंगांची वक्रता कमी करून ही चूक सुधारण्यात आली.

वर्गात हे सहज दाखवता येईल. बहिर्वक्र भिंगाखाली अक्षरे पाहा. मग तेच भिंग पाण्याच्या परातीत बुडवून, तळाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या मोजपट्टीवरचे आकडे पाहा. पाण्यात भिंग पूर्वीइतके मोठे करून दाखवत नाही. भिंग तेच आहे, पण माध्यम बदलले.

विरोध आणि अपयश

जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत रिडले यांनी आपले काम मांडले. स्वागत थंडच झाले. सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर हे त्या काळचे ब्रिटनमधले सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ. त्यांनी विरोध केला. डोळ्यातील परकी वस्तू काढणे हे नेत्रतज्ज्ञाचे काम. हा माणूस ती आत घालतो, असा आक्षेप होता.

विरोधकांना आडमुठे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. पहिल्या भिंगांत खरेच दोष होते. ती सुमारे ११० मिलिग्रॅम वजनाची होती, आजची बहुतेक भिंगे सुमारे २० मिलिग्रॅमची असतात. जड भिंग कधीकधी जागेवरून घसरून डोळ्याच्या मागच्या भागात पडे. दुसरी अडचण निर्जंतुकीकरणाची. पर्स्पेक्स १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे वाफेच्या दाबयंत्रात घालता येत नाही. म्हणून भिंगे जंतुनाशक द्रावणात बुडवत. त्या द्रावणाचे अंश भिंगाला चिकटून डोळ्यात जात आणि दाह होई. म्हणजे दोष पर्स्पेक्सचा नव्हता, पण तो पर्स्पेक्सच्याच माथी मारला गेला. इतरांनी भिंग परितारिकेच्या पुढे बसवून पाहिले, तेव्हा अनेकांच्या पारपटलाला इजा झाली. ज्या रुग्णांचे डोळे यात बिघडले, त्यांच्या दृष्टीने शंका घेणाऱ्यांचेच बरोबर होते.

पाव शतकाच्या खटपटीनंतर गाडी रुळावर आली. निर्जंतुकीकरणाच्या रीती सुधारल्या. भिंग हलके झाले. १९७७ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन शिअरिंग यांनी लवचीक पाय असलेले भिंग बाहुलीच्या मागे बसवले. रिडले यांनीही जागा हीच निवडली होती! १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा भिंगांना मान्यता देण्यास सुरुवात केली. पुढचा टप्पा पुन्हा पदार्थविज्ञानाचा होता. ताठ पर्स्पेक्ससाठी सुमारे ६ मिलिमीटरची चीर लागते. सिलिकोन आणि मऊ ॲक्रिलिकची भिंगे घडी घालून तीन मिलिमीटरहून लहान चिरेतून आत जातात आणि आत उलगडतात. १९८० आणि १९९०च्या दशकांत ती वापरात आली.

आपल्याकडे

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. गावोगावच्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदू काढले जात, पण हाती येई तो जाड चष्माच. आयात केलेल्या भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. ती शिबिरातल्या शेतमजुराला कुठून परवडणार? मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ स्थापन केली आणि भिंगे इथेच बनवायला घेतली. किंमत उतरत दहा डॉलरच्या आसपास आणि नंतर त्याहूनही खाली आली. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्र होता. हळूहळू जाड काचांचे चष्मे दिसेनासे झाले.

रिडले यांनी आपल्या भिंगाचे पेटंट घेतले नाही. दीर्घकाळ उपेक्षा सोसल्यावर १९८६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २००० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९९०च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या मोतीबिंदूंवर सेंट थॉमसमध्येच शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंगे बसली. क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यातही १९८७ मध्ये असेच भिंग बसले. ज्या पदार्थाने त्याची दृष्टी हिरावली होती, त्यानेच दाखवलेल्या वाटेने ती परत आली. २००१ मध्ये ९४ व्या वर्षी रिडले वारले.

ही गोष्ट सांगताना ‘एक निरीक्षण आणि लागला शोध’ एवढ्यावर थांबू नये. निरीक्षण १९४० चे, शस्त्रक्रिया १९४९ ची, सर्वमान्यता १९८० नंतरची आणि आपल्या खेड्यातल्या आजीपर्यंत भिंग पोचले ते १९९० नंतर. मधली सगळी वर्षे शुद्ध बहुवारिक, अपवर्तनांक, निर्जंतुकीकरण आणि किंमत यांच्याशी झुंजण्यात गेली. मुलांना गृहपाठ द्यावासा वाटला, तर हा द्या: घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठांना विचारून यायचे की तुमच्या डोळ्यात भिंग आहे का, ते कधी बसवले आणि त्याआधी काय दिसत होते. विज्ञानाचा इतिहास ओट्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळेल.